शेजाऱ्याचे चित्र

भवानी पेठेत येऊन एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच चित्राविषयी बोलायचे, हे प्रथमदर्शनी कोणालाही विचित्र वाटेल. ज्या पेठेत मराठीइतकीच तेलुगू कानांवर पडते, जिथे पिढ्यान्‌पिढ्या सुताचा आणि रंगाचा धंदा चालत आला, तिला पॅरिसच्या चित्राशी काय देणेघेणे? विषय ठरवताना आम्हांलाही हीच शंका आली होती. पण या चित्राची हकिकत शोधत मागे मागे जाऊ लागले, म्हणजे आपण पॅरिसमध्ये थांबत नाही. मागवाल्यांच्या एका शहरात जाऊन पोचतो. तेव्हा विषय वाटतो तितका परका नाही. निदान ऐकून घेण्याइतका तरी आपला आहे.

प्रथम चित्रच डोळ्यांपुढे आणू. कागद फार मोठा नाही. रुंदी दीड फुटाच्या आतबाहेर आणि उंची त्याहून कमी. रंग नाहीत, काळा, पांढरा आणि मधला राखी. चित्रात एक साधी खोली आहे, कष्टकऱ्याच्या घरात असावी तशी. अंथरूण विस्कटलेले, चादर खाली ओघळलेली, एक खुर्ची उलथून पडलेली. पलंगाच्या पायथ्याशी एक माणूस घसरून पडला आहे. अंगात झोपताना घालायचा सदरा, डोक्याला रात्रीची टोपी. तो झोपलेला नाही, मेलेला आहे. त्याच्या देहाखाली एक तान्हे मूल दबले आहे. त्याचे डोके तेवढे बाहेर दिसते आणि ते रक्ताळलेले आहे. एका बाजूला अंधारात एक बाई पडली आहे. दुसऱ्या कडेला एका म्हाताऱ्याचा चेहरा अर्धामुर्धा चौकटीत आला आहे. बस, एवढेच.

या चित्रात मारणारा कोठेही नाही. बंदूक नाही, शिपाई नाही, झेंडा नाही, राजा नाही. ज्या वस्तू आहेत त्या सगळ्या घरातल्या आहेत: पलंग, चादर, खुर्ची, टोपी. म्हणूनच पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. रणांगण पाहताना मन म्हणते, हे लढणाऱ्यांचे काम, आपले नव्हे. पण उलथलेली खुर्ची पाहताना तसे म्हणता येत नाही. खुर्ची प्रत्येकाच्या घरात असते.

चित्राचे नाव आहे ‘त्रान्सनोनँ गल्ली, १५ एप्रिल १८३४’. चित्रकार ओनोरे दोमिए. तो १८०८ साली मार्सेय बंदरात जन्मला. बाप खिडक्यांना काचा बसवणारा कारागीर होता आणि त्याला कवितेचा नाद होता. हे चित्र काढले तेव्हा दोमिए सव्वीस वर्षांचा होता.

आता या खोलीत हे घडले कसे, ते पाहू. आणि त्यासाठी पॅरिस सोडून दक्षिणेकडे लियाँ शहरी जाऊ. लियाँ म्हणजे रेशमाचे शहर. तिथली व्यवस्था सोलापूरकरांना समजावून सांगावी लागणार नाही. व्यापारी रेशीम देई आणि नग ठरवी. मागाचा धनी ते घरी आणून आपल्या मागांवर विणी. हाताखाली दोनचार कारागीर, शिवाय बायको आणि मुले. मजुरी मिळे ती विणलेल्या कापडावर. भाव चढला तर नफा व्यापाऱ्याचा, उतरला तर कात्री मजुरीला. माग ज्या खोलीत, त्याच खोलीत चूल आणि त्याच खोलीत अंथरूण. लियाँच्या क्रुआ-रूस टेकडीवरची घरे आजही उंच छताची दिसतात. जॅकार्डचा उंच साचा मागावर बसावा म्हणून तशी बांधलेली ती घरे. म्हणजे घराची उंची माणसाच्या मापाने नाही, मागाच्या मापाने ठरली!

जॅकार्ड हे नाव आपल्या शहरात नवे नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेने विणली जाते, ती युक्ती याच लियाँच्या जोसेफ मारी जॅकार्डची. १८०४ च्या सुमारास त्याने ती सिद्ध केली. भोक असेल तेथे सुई आत जाते आणि तिचा धागा उचलला जातो, भोक नसेल तेथे राहतो. इतके साधे तत्त्व. हा जॅकार्ड वारला तो ऑगस्ट १८३४ मध्ये, म्हणजे आपले चित्र प्रसिद्ध झाल्यानंतर महिनाभराने. त्याची युक्ती समुद्र ओलांडून आपल्या घरापर्यंत आली. ती ज्यांनी प्रथम चालवली त्यांची हकिकत मात्र आपल्यापर्यंत फारशी आली नाही.

ती थोडक्यात अशी. १८३१ च्या ऑक्टोबरात लियाँच्या विणकरांनी व्यापाऱ्यांशी बोलणी करून मजुरीचा किमान दर ठरवून घेतला. तिथल्या सरकारी अधिकाऱ्याने मध्यस्थी केली होती. पण पुष्कळ व्यापाऱ्यांनी तो दर मानला नाही. २१ नोव्हेंबरला विणकर टेकडीवरून खाली उतरले. काम करून जगू, नाही तर लढून मरू, अशा अर्थाचे शब्द त्यांच्या काळ्या निशाणावर होते. काही दिवस शहर त्यांच्या ताब्यात राहिले. मग सुमारे वीस हजारांची फौज आली आणि ठरलेला दर रद्द झाला. १८३४ मध्ये सरकारने संघटनांवर निर्बंध घालणारा कायदा पुढे आणला, तेव्हा ठिणगी पुन्हा पडली. एप्रिलमध्ये लियाँत सहा दिवस लढाई झाली आणि शेकडो माणसे मेली. ती बातमी पॅरिसला पोचताच तिथेही गल्ल्यांत अडथळे उभे राहिले. त्रान्सनोनँ गल्लीतल्या बारा नंबरच्या घरातून एका लष्करी अधिकाऱ्यावर गोळी झाडली गेली, असे शिपायांचे म्हणणे. ते घरात घुसले आणि मजल्यामजल्यावर जाऊन दिसेल त्याला मारीत सुटले. डझनभर रहिवासी मेले. त्यांतले बहुतेक नुकते झोपेतून उठलेले होते.

राजाने मारले आणि पावसाने झोडले तर तक्रार कोणाकडे न्यावी, असे आपण म्हणतो. दोमिएने ती तक्रार दगडावर लिहिली.

दगडावर म्हणजे अक्षरशः दगडावर. ज्याला आपल्याकडे शिळाछाप म्हणत, त्या पद्धतीचे हे चित्र आहे. ही पद्धत शोधली बव्हेरियातल्या आलोईस झेनेफेल्डर नावाच्या नाटककाराने. त्याला आपली नाटके स्वस्तात छापून हवी होती. सांगतात ते असे की १७९६ साली आईने त्याला धोब्याकडे जाणाऱ्या कपड्यांची यादी लिहून घ्यायला सांगितले. जवळ कागद नव्हता, म्हणून त्याने समोरच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने ती यादी लिहिली. आणि त्या यादीतून पुढे एक नवी छपाई निघाली. या पद्धतीचे सगळे मर्म एका घरगुती गोष्टीत आहे: तेल आणि पाणी मिसळत नाही. विशिष्ट जातीच्या चुनखडीच्या घासलेल्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे. मग डिंक आणि सौम्य तेजाब लावून ते पक्के करायचे. छापताना दगड ओला करायचा. जिथे चित्र नाही तिथे पाणी धरते, तेलकट रेघेवर धरत नाही. वरून तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांना लागते. कागद ठेवून दाब दिला की चित्र कागदावर उलटे उमटते. मग पुन्हा पाणी, पुन्हा शाई, पुन्हा कागद.

यात दोन फायदे झाले. तांब्याच्या पत्र्यावर किंवा लाकडावर खोदायचे म्हणजे खोदणारा वेगळा कारागीर लागे आणि दिवस जात. दगडावर चित्रकार स्वतः, कागदावर काढतो तसे, काढू शके. आज घडलेली गोष्ट चार दिवसांत चित्रात येऊ लागली. दुसरा फायदा हा की प्रती पुष्कळ निघत आणि स्वस्त पडत. चित्र दिवाणखान्यातून उतरून रस्त्यावर आले. पॅरिसमध्ये ओबेर नावाच्या प्रकाशकाच्या दुकानाच्या काचेत नवी चित्रे लावीत आणि त्यांच्यापुढे येणारेजाणारे घोळका करून उभे राहात. ज्याच्याकडे प्रत घ्यायला पैसे नसत तोही पाहू शके. ज्याला वाचता येत नसे तोही पाहू शके. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवावे, कारण सगळी मेख तिथेच आहे.

या चित्रांमागचा सूत्रधार होता शार्ल फिलिपाँ नावाचा पत्रकार. राजा लुई फिलिपचे तोंड चार रेघांत बदलत बदलत त्याचे पेअर हे फळ होते, असे त्याने न्यायालयातच काढून दाखवले आणि मग विचारले की आता पेअरवरही खटला भरणार काय! दोमिए त्याच्याच गोटातला. राजा खादाड राक्षसासारखा बसला आहे आणि गरिबांच्या पैशाच्या टोपल्या त्याच्या तोंडात रिचवल्या जात आहेत, असे एक चित्र काढल्याबद्दल दोमिएला १८३२ साली सहा महिन्यांची कैद झाली. फिलिपाँच्या पत्रांवर दंडांचा पाऊस पडे. ते दंड भरता यावेत म्हणून त्याने वर्गणीदारांसाठी महिन्याला एक मोठे चित्र काढायचे ठरवले. आपले चित्र या मालिकेत जुलै १८३४ मध्ये निघाले. ते ओबेरच्या दुकानात लागले, लोकांची झुंबड उडाली आणि पोलिसांनी हाती लागतील तेवढ्या प्रती आणि तो दगडही जप्त केला. पण कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. ज्या प्रती घरोघर गेल्या होत्या त्या राहिल्या, आणि म्हणूनच आज आपण या चित्राविषयी बोलू शकतो.

पुढच्या वर्षी राजावर प्राणघातक हल्ला झाला आणि ते निमित्त साधून सप्टेंबर १८३५ मध्ये नवे कायदे आले. त्यांतली एक गोष्ट फार बोलकी आहे. लेख छापण्यासाठी पूर्वपरवानगी लागणार नव्हती, पण चित्र छापण्यासाठी आणि नाटक करण्यासाठी लागणार होती. म्हणजे लेखापेक्षा चित्राचे भय अधिक! वर ध्यानात ठेवा म्हटले ते यासाठी. लेख वाचणारे थोडे. चित्र पाहणारे सगळे.

दोमिएसारख्याने आता काय करावे? राजाचे तोंड काढायची सोय उरली नव्हती. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मग जे केले त्यामुळे एका नव्या प्रकारच्या चित्राला भर आला, आणि तोच आजचा आमचा मुख्य मुद्दा आहे. दोमिएने राजवाड्याकडे पाठ फिरवली आणि शेजाऱ्याच्या घरात पाहिले. ‘शारिव्हारी’ या फिलिपाँच्या दैनिकात वर्षानुवर्षे त्याची चित्रे येत राहिली: घरमालक आणि भाडेकरू यांच्या कटकटी, काळे झगे घातलेले वकील, पक्षकाराच्या डोळ्यांतले पाणी पाहून फीचा अंदाज बांधणारे, आगगाडीच्या उघड्या डब्यात थंडीने काकडलेले तिसऱ्या वर्गाचे प्रवासी, नाटकगृहाच्या माडीवर चेंगरून बसलेले प्रेक्षक, खोट्या कंपन्या काढून भोळ्या लोकांना गंडवणारा एक लफंगा. आयुष्यभरात त्याने सुमारे चार हजार शिळाछापे काढली. राजाचे नाव त्यांतल्या बहुतेकांत नाही. पण ती ओळीने पाहिली तर राजवट कशी आहे ते कळते. राज्याची परीक्षा दरबारात होत नाही. भाड्याच्या खोलीत, कचेरीच्या ओट्यावर आणि तिसऱ्या वर्गाच्या बाकावर होते, हे त्याने उपदेश न करता दाखवले.

दोमिए संत होता असे आम्ही म्हणत नाही. लिहित्या स्त्रियांची त्याने १८४४ मध्ये एक मालिकाच्या मालिका काढून टवाळी केली. ती आज पाहताना चित्रकाराचीच कीव येते. पोटासाठी आठवड्याला चित्रे पुरवणाऱ्या माणसाची कित्येक चित्रे नुसती वेळ मारून नेणारी असतात, त्याचीही आहेत. शेवटी दृष्टी गेली आणि हलाखी आली. १८७९ मध्ये तो वारला तो चित्रकार मित्र कोरो याने मिळवून दिलेल्या घरात. पण त्याची चूक आणि त्याचे मोठेपण यांचा उगम एकच आहे: तो समोरच्या माणसाकडे पाहात होता. पाहणारा कधी चुकीचे पाहील. न पाहणाऱ्याची चूकही दिसत नाही.

आता आपण घरी येऊ. हाच दगड महाराष्ट्रात आला तेव्हा त्याच्यावर काय उमटले?

तो लवकर आला. १८२० नंतरच्या दशकातच मुंबईत सरकारी कामासाठी शिळाछाप सुरू झाला होता. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम पाहिलेल्या गणपत कृष्णाजी नावाच्या मुंबईच्या उद्योगी माणसाने स्वतःचे लाकडी यंत्र उभे केले, दगड मिळवला, शाई घरी करून पाहिली आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. त्या काळी छापील कागदाला शिवायलाही पुष्कळ लोक कचरत, कारण शाईत चरबी असल्याचा संशय होता. म्हणून त्याने शाईत तूप घातले, असे सांगतात. काय योगायोग पाहा! १८३१ मध्ये लियाँचे विणकर रस्त्यावर होते, दोमिए राजाला राक्षस करीत होता आणि मुंबईत तोच दगड तिथी, वार, नक्षत्र छापीत होता. दगड एक, तेल आणि पाण्याचे तत्त्व एक. पण प्रत्येक समाज त्याच्यावर आपली निकड लिहितो. आमची निकड प्रथम पंचांगाची होती, मग पोथ्यांची आणि शाळेच्या पुस्तकांची. तीही खरी निकडच होती.

चित्रांची पाळी आली ती १८७८ मध्ये. त्या वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा काढली. पुढे वासुकाका जोशी यांनी ती नावारूपाला आणली. रामपंचायतन, शिवाजी महाराज, पेशवे, नाना फडणवीस यांची रंगीत चित्रे महाराष्ट्राच्या भिंतींवर गेली ती प्रथम या छापखान्यातून. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत निघाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी आणि सरस्वती अजून कित्येक देव्हाऱ्यांत आहेत. या चित्रांना नाके मुरडण्याची एक पद्धत पडली आहे. आम्हांला ती मान्य नाही. ज्यांना देवळाच्या पायरीवर चढू देत नसत, त्यांच्या झोपडीत देव या कागदाने नेला. ही लहान गोष्ट नव्हे.

आणि दुसरीही एक गोष्ट आहे. चित्रशाळा निघाली त्याच १८७८ साली इंग्रज सरकारने देशी वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा केला. नाटकांचा कायदा त्याआधी १८७६ मध्ये आला होता. म्हणजे दार आपल्याकडेही बंद झाले होते. मग आपण काय केले? आपण पुराणात आणि इतिहासात शिरलो. नाना फडणवीसांचे चित्र भिंतीवर लावणाऱ्याला ठाऊक होते की आपण केवळ एका मुत्सद्द्याचे चित्र लावलेले नाही. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त कीचक कोण आणि द्रौपदी कोण, हे १९०७ साली प्रेक्षकांना सांगावे लागले नाही. सरकारलाही ते कळले आणि १९१० मध्ये नाटक बंद झाले. दरवाजा बंद झाला तेव्हा पॅरिसचा चित्रकार शेजाऱ्याच्या घरात गेला. आपण महाभारतात गेलो. दोन्ही वाटा धैर्याच्या होत्या. आपली वाट कदाचित अधिक चतुर होती. परंतु तिची एक किंमत पडली, आणि ती फार उशिरा ध्यानात आली.

ती किंमत अशी. आपल्याजवळ कीचकाची चित्रे आहेत, त्या वेळच्या कामगाराची नाहीत. रविवर्म्याच्या लक्ष्मीच्या अंगावर जरीकाठी वस्त्र आहे. त्याचा काठ, त्याची चुणी, त्याची झळाळी चित्रकाराने किती प्रेमाने रंगवली आहे! पण ते वस्त्र ज्याने विणले तो चित्राच्या चौकटीबाहेर आहे. तो आत यावा असे ना चित्रकाराला वाटले, ना चित्र विकत घेणाऱ्याला, ना स्वतः विणकराला. त्याच्याही भिंतीवर लक्ष्मीच होती.

अपवाद झाले नाहीत असे नाही. महादेव विश्वनाथ धुरंधर हे मूळचे कोल्हापूरचे, १८६७ चा जन्म. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून तिथेच त्यांनी आयुष्य काढले. त्यांनी मुंबईचा रस्ता जितका काढला तितका क्वचितच कोणी काढला असेल. १९१२ साली एडवर्ड्‌स यांच्या मुंबईवरच्या पुस्तकासाठी आणि १९२० साली रॉथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकासाठी त्यांनी चित्रे केली, पोस्टकार्डांसाठीही केली. आज त्या काळची लुगडी, पागोटी आणि चालणेबोलणे पाहायचे तर धुरंधरांकडेच जावे लागते. मात्र त्या इंग्रजी पुस्तकांची मागणी बहुधा नमुन्याची होती: अमुक जातीची बाई अशी दिसते, तमुक धंद्याचा माणूस असा दिसतो. नमुन्याला नाव नसते आणि भाडे थकलेले नसते. दोमिएच्या भाडेकऱ्याचे थकलेले असते.

खरी शेजाऱ्याची हकिकत आपल्याकडे कागदावर नव्हे तर पडद्यावर प्रथम ठसठशीतपणे आली असे आम्हांला वाटते, आणि तीही एका चित्रकाराच्याच हातून. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांत नाव मिळवून बसले होते. १९२५ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. नारायण हरी आपट्यांची कथा. कर्जात बुडालेला, जमीन गमावून गिरणीच्या शहराकडे ढकलला गेलेला शेतकरी. आणि त्याची भूमिका करणारा तरुण म्हणजे व्ही. शांताराम. देव नाही, पेशवा नाही. एक झोपडी आणि एक कर्जाचा कागद. पुढे शब्दांतही हा माणूस आला. नारायण सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’ १९६६ चे. पण शिळाछापाच्या त्या पहिल्या पन्नाससाठ वर्षांत, जेव्हा आपली शहरे घडत होती, तेव्हा त्या घडणीचे रोजचे चित्र आपण काढून ठेवले नाही.

सोलापूरच्या बाबतीत ही उणीव फार टोचते. रेल्वे येथे १८६० मध्ये आली. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली. तेलंगणातून पद्मशाली कुटुंबे आली आणि त्यांनी पेठा वसवल्या. १९३० च्या मे महिन्यात या शहराने काय सोसले ते येथे सांगायला नको. ८ मे रोजी गोळीबार झाला, १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला, गांधी टोपी हा गुन्हा ठरला. आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिले गेले. त्यांचे पुतळे आपण उभारले, चौकाला नाव दिले, योग्यच केले. पण त्या मे महिन्यात एखाद्या विणकराच्या खोलीत काय घडत होते? माग बंद होता काय? दाराला आतून काय लावले होते? रात्री दिवा लावायला बाई भीत होती काय? मूल कोठे निजवले होते? हुतात्म्यांचे पुतळे याचे उत्तर देऊ शकत नाहीत. ते त्यांचे कामही नाही. ते काम उलथलेल्या खुर्चीचे आहे.

येथे कोणी म्हणेल, आता ही खंत करून काय उपयोग? शिळाछाप गेला. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि दिवसाला जितकी चित्रे निघतात तितकी दोमिएने जन्मात पाहिली नसतील. हे खरे आहे. परंतु आपण काय टिपतो ते पाहावे. लग्न टिपतो, सहलीचे डोंगर टिपतो, पुढाऱ्याशेजारी उभे राहून स्वतःला टिपतो. घरातला माग कोणी टिपतो काय? सुपात तेंदूची पाने घेऊन उंबऱ्याशी विड्या वळणारी आई टिपावी असे तिच्या शिकलेल्या मुलाला वाटते काय? बहुधा वाटत नाही. कित्येकदा तिला चौकटीतून थोडे बाजूला सरायला सांगितले जाते. लक्ष्मीचे चित्र घेणाऱ्या त्या जुन्या विणकराहून आपण फार पुढे आलो असे म्हणवत नाही. साधन बदलले, नजर तीच राहिली.

आणि वेळ थोडा आहे. हातमाग या शहरातून जवळजवळ गेला. मोठ्या गिरण्यांचे भोंगे बंद झाले. यंत्रमागाचा खडखडाटही पूर्वी होता तितका राहिलेला नाही. ज्या घरात मागाशेजारी चूल आणि चुलीशेजारी पाळणा होता, ते घर एकदा पाडले की त्याची रचना कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. मजुरीचे दर दप्तरात सापडतील, कापडाचे वार सापडतील. माणूस कोणत्या कुशीवर निजत होता ते सापडणार नाही.

चित्र कसे पाहावे, असे लोक आम्हांला विचारतात. आम्ही तीन प्रश्न सांगतो. या चित्रात कोण आहे? कोण असायला हवा होता पण नाही? आणि ही चौकट कोणी ठरवली? त्रान्सनोनँ गल्लीच्या चित्राला हे प्रश्न विचारले की मारणारा बाहेर का ठेवला ते कळते: चित्रकाराला त्याची नव्हे, मेलेल्यांची ओळख करून द्यायची होती. लक्ष्मीच्या चित्राला हेच प्रश्न विचारले की विणकर बाहेर का राहिला ते कळते. आणि आपल्या घरच्या चित्रांना विचारले की काय कळेल, ते ज्याचे त्याने पाहावे.

आमची विनंती फार लहान आहे. आज घरी गेल्यावर आपल्या पेठेतल्या, आपल्या वाड्यातल्या एखाद्या कामाच्या जागेचे एक साधे चित्र काढावे. हाताने जमले तर हाताने, नाही तर यंत्राने. त्यात कोणाला नटवू नये, कोणाला बाजूला सारू नये. मागे वर्ष, गल्लीचे नाव आणि काम करणाऱ्याची इच्छा असेल तर त्याचे नाव लिहावे. आणि पोरांच्या जुन्या वह्यांबरोबर ते रद्दीत जाणार नाही अशा जागी ठेवावे. लियाँच्या विणकराची जॅकार्डची माळ आपल्यापर्यंत आली, कारण तिचा उपयोग होता. पॅरिसच्या कष्टकऱ्याच्या घराची आठवणही आली, कारण एका सव्वीस वर्षांच्या पोराने ती दगडावर लिहिली. आपल्या चादरी तर दूरदूर गेल्या आहेत. त्या विणणाऱ्यांचे घर मागे राहायचे असेल तर ते आपणच टिपून ठेवले पाहिजे.